अकोल्याच्या उन्हातला सीरिया

कूलरच्या ताट्या बदलणारा माणूस परवा येऊन गेला. जुन्या ताट्या त्यानं अंगणात टाकल्या, नवं गवत जाळीत दाबून बसवलं, टाकीत पाणी सोडलं, आणि पंखा फिरायला लागताच घरभर ओल्या वाळ्याचा वास पसरला. आमच्या अकोल्यात उन्हाळा खरा सुरू होतो तो या वासानं. बाहेर डांबर मऊ पडलेलं असतं, दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही, माणसं डोक्याला रुमाल गुंडाळून सावलीसावलीनं चालतात. आणि मी, वसुधा, शाळेत आयुष्यभर भूगोल शिकवलेली बाई, जिना चढून वरच्या खोलीत जाते आणि टेबलावरची चादर काढते.

ते टेबल टेबलटेनिसचं. माझी लेक पुण्याला शिकायला गेली, टेबल राहिलं. त्याची जाळी काढून टाकली तेव्हापासून त्यावर लढाया होतात.

लढाया म्हणजे अंगठ्याच्या पेराएवढ्या शिपायांच्या. माझा धाकटा भाऊ प्रशांत आणि त्याचा मित्र नासिर यांचा हा छंद. बाहेरगावाहून मागवलेले बिनरंगाचे छोटे शिपाई बारीक ब्रशानं रंगवायचे, इतिहासातली एखादी लढाई निवडायची, टेबलावर तिथली जमीन उभी करायची, आणि मग टेपनं अंतर मोजत, फासे टाकत ती लढाई पुन्हा लढायची. पाहुण्यांना हे सांगितलं की ते आधी हसतात, मग विचारतात, "म्हणजे बुद्धिबळासारखं?" मी हो म्हणते. समजावत बसायला वेळ लागतो. बुद्धिबळातल्या प्याद्याला गाव नसतं, आईबाप नसतात. या शिपायांना असतात. निदान त्या दोघांनी ते कायम दिले.

माझं काम जमिनीचं. थर्माकोल कापून डोंगर करायचे, त्यावर डिंक लावून माती भुरभुरायची. आणि पंचाचं. दोघांचं जिथं जमायचं नाही तिथं माझा शब्द शेवटचा. भूगोलाच्या बाईचा आवाज दोघांनाही पुरत असे.

प्रशांत आणि नासिर अमरावतीच्या एका खासगी इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायचे. नासिर मूळचा अचलपूरचा. दोघं एकाच महिन्यात नोकरीला लागले, एकाच मोटरसायकलवरून कॉलेजात गेले, आणि दर उन्हाळ्याच्या सुट्टीत माझ्याकडे येऊन एकमेकांना हरवत राहिले. नासिर त्याला 'पश्या' म्हणायचा. आमच्या आईनंही त्याला कधी पश्या म्हटलं नव्हतं.

मी सांगते आहे त्या वर्षी त्यांनी फ्रेंचांची लढाई निवडली होती.

दुसऱ्या महायुद्धात फ्रान्स जर्मनीपुढे हरला आणि तिथल्या सरकारनं तह केला. तेव्हा फ्रेंच फौज दुभंगली. बहुतेक जण सरकारचा हुकूम मानून जिथं होते तिथं राहिले. थोडे जण म्हणाले, हे सरकार आम्हाला मान्य नाही, आणि इंग्रजांकडे निघून गेले. वर्षभरानं, फ्रेंचांच्याच ताब्यातल्या सीरियाच्या रेताड, खडकाळ मुलखात हे दोन्ही भाग बंदुका घेऊन समोरासमोर आले. आपल्याकडचे शिपाईही इंग्रजांच्या बाजूनं तिथं होते, पण प्रशांत-नासिरला त्या वेळी फक्त फ्रेंच पायदळ हवं होतं. फ्रेंच विरुद्ध फ्रेंच.

आदल्या दिवाळीनंतर रंगवायला बसले तेव्हा अडचण आली. टोपी तीच, पट्टा तोच, बंदूकही बहुतेक तीच. निघून गेलेल्यांपैकी काहींच्या अंगावर इंग्रजांनी दिलेल्या अर्ध्या चड्ड्या, एवढाच फरक. नासिर चष्मा कपाळावर चढवून म्हणाला, "ताई, हे तं सारेच सारखे दिसून राहिले. रात्री एकमेकायले वळखत कसे असतीन?"

शेवटी पायाखालच्या गोल चकतीची कड रंगवायची ठरली. हुकूम मानून राहिलेल्यांची तपकिरी, निघून गेलेल्यांची निळी. तपकिरी प्रशांतनं घेतले, निळे नासिरनं. चिठ्ठी टाकली नाही, भांडण झालं नाही. डब्यातला हाताशी आलेला रंग ज्यानं त्यानं उचलला.

मी सीरिया करायला घेतला. आधी शेतातली काळी माती चाळून लावली तर ते डोंगर थेट तेल्हाऱ्याच्या रस्त्याकडेचे दिसायला लागले. वाळल्यावर तिला भेगाही पडल्या. खरवडून काढली आणि बांधकामावरून मुरूम आणला. तो वस्त्रगाळ करून लावला तेव्हा कुठे परदेश वाटू लागला.

होळीच्या सुमाराला त्यांचं कॉलेज फुटलं.

संस्थेत दोन गट होतेच, त्यांचं उघड वाजलं. जुन्या अध्यक्षांविरुद्ध तक्रार करणाऱ्या एका प्राध्यापिकेला एका दुपारी गेटवरच अडवलं, आत येऊ दिलं नाही. प्रशांतनं ते पाहिलं. दुसऱ्याच दिवशी तो आणि बरेच जण बाहेर पडले, नव्या गटाबरोबर गेले. भाड्याच्या एका जागेत नवं कॉलेज काढायचं त्यांचं ठरत होतं. नासिर बाहेर पडला नाही. तो जुन्या इमारतीत, जुन्या अध्यक्षांच्या हाताखाली शिकवत राहिला.

माझ्याकडे आलेला प्रशांत ताटावर बसून माझ्याशी बोलत होता, पण घास गिळत नव्हता. "वीस वर्षं वळखतो मी त्याले, ताई. म्या विचारलं, चालतं का? तं म्हने, मले नाई जमत. बस. काहून नाई जमत, ते सांगाले पाह्यजे का नाई?"

नासिरचाही फोन आला. त्याला कोणी तरी सांगितलं होतं की नव्या गटाच्या बैठकीत त्याला 'चमचा' म्हटलं गेलं आणि प्रशांत तिथं गप्प बसून होता. "म्हननाऱ्याचं मले काई नाई, ताई," तो म्हणाला. "पन हा गप बसला."

मी दोघांचं ऐकलं. दोघांनाही बरोबर म्हणायचा मोह झाला, आणि दोघांनाही शाळेतल्या पोरांसारखं कान धरून उभं करावंसंही वाटलं. एप्रिल गेला. दोघांपैकी कोणी लढाईचं नाव काढेना. टेबलावर सीरिया वाळून कडक झाला होता. शेवटी मीच दोघांना वेगवेगळा फोन केला, आणि दोघांपासून काही लपवलं नाही. म्हटलं, "डोंगर तयार हायेत. तो बी येऊन राहिला. तुले याचं असन तं ये."

दोघं आले. त्या दिवसांत अमरावतीहून येणाऱ्या बसचे पत्रे तव्यासारखे तापलेले असत. प्रशांत सकाळच्या बसनं आला, ऊन लागू नये म्हणून खिशात कांदा ठेवून, आई सांगायची तसा. नासिर अकोल्यातल्या त्याच्या खालाकडे, मावशीकडे, उतरला होता, तिथून चालत आला. दारात चपला काढताना दोघं एकमेकांना दिसले. नासिरनं मान किंचित झुकवली आणि म्हणाला, "नमस्कार, सर."

मला ते चमचा म्हणण्यापेक्षा वाईट वाटलं. प्रशांतलाही वाटलं असावं. तो वळून जिना चढला.

पहिला दिवस असा गेला की आता आठवून हसू येतं, तेव्हा रडू येत होतं. दोघंही माझ्यातर्फे बोलत होते. टेबल तेवढंसं, दोघांमध्ये हातभर डोंगर, आणि प्रशांत म्हणतो, "ताई, त्याले सांग, माही तुकडी पुलापाशी थांबली." मी मान वळवून तेच नासिरला सांगते. नासिर म्हणतो, "सरायले सांगा, पुलावर माही नजर हाय." कूलरचा झोत थेट टेबलावर येत होता. त्यानं शिपाई आडवे पडू लागले, कागदी निशाणं फडफडून उडू लागली. प्रशांतनं उठून कूलरचं तोंड भिंतीकडे केलं. मग आम्ही तिघं घामानं निथळत बसलो. तक्रार कोणी केली नाही. एकानं म्हटलं असतं की गरम होतंय, तर दुसऱ्याला हो म्हणावं लागलं असतं.

जेवायला मात्र खाली एकत्र बसावं लागे. मी आमरस केला होता, सोबत तळलेल्या कुरडया. नासिरची वाटी रिकामी झाली की प्रशांतचा हात सवयीनं पातेल्याकडे जायचा आणि मध्येच थांबायचा. मग मी वाढायची.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत निळे आणि तपकिरी गोळीच्या टप्प्यात आले. इथं मी पंच म्हणून एक नियम घातला. मनातून काढलेला नव्हता. त्या लढाईबद्दल जे काही मिळालं ते वाचताना मला दिसलं होतं की काही ठिकाणी ही माणसं एकमेकांवर गोळी झाडताना अडखळली होती. समोरच्याची हाक आपल्याच भाषेत येत होती. म्हणून मी म्हटलं, "पह्यली गोळी मारायच्या आधी तुमचा अधिकारी काहून मारून राहिला ते तोंडानं सांगाचं. नाई सांगता आलं तं ती फेरी मारता येनार नाई."

प्रशांत वैतागला. "हा कोठचा नियम झाला, ताई? फासे हायेत ना."

"फासे नंतर. आधी तोंड."

त्या संध्याकाळी एकही गोळी सुटली नाही. दोघंही सांगू शकले नाहीत.

तिसऱ्या दिवशी, रविवारी, नासिरनं एक शिपाई उचलला. रात्री खालाच्या घरी बसून त्यानं त्याच्या हातात पांढरं निशाण चिकटवून आणलं होतं. तो शिपाई त्यानं सगळ्या तुकडीपुढे, उघड्या मुरमावर, एकटा ठेवला. "माहा माणूस बोलाले जाऊन राहिला," तो म्हणाला.

आता पाळी प्रशांतची. गोळी घालायची की येऊ द्यायचं. खरोखर त्या युद्धात अशी पांढरी निशाणं घेऊन माणसं गेली होती, आणि काहींवर गोळ्या झाडल्या गेल्या होत्या, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. प्रशांतनं फासे हातात घेतले. मी ते काढून घेतले.

"हे फासे नाई ठरवत. तू ठरव."

त्यानं रिकामे हात टेबलाच्या कडेवर टेकले. मग बोलायला लागला, खेळातल्यासारखा, आपल्या लेफ्टनंटच्या वतीनं. "माह्या लेफ्टनंटले कयते, समोरचा खरं बोलून राहिला. तिकडचं सरकार पोकळ हाय, हे त्याले बी कयते. पन त्याच्या मागं शंभर पोरं हायेत. त्यायचे मायबाप तिकडं, जर्मनायच्या ताब्यात. हा निशाण पाहून निघून गेला तं त्या पोरायले कोन पाहीन? त्याच्या जागी वरून दुसरा कोनी येईन, तो कसा असन काय मालूम. म्हनून हा..."

तो तिथं थांबला. आपण काय बोलतो आहोत ते त्याच्या कानांनी तेव्हा ऐकलं.

नासिरनं चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकानं पुसत राहिला. काच कधीच स्वच्छ झाली होती. मग तो म्हणाला, "शंभर नाई. साठ."

तीन दिवसांत पहिल्यांदा तो थेट प्रशांतशी बोलत होता.

"माही फायनल इयरची पोरं. तुमी सारे गेले, प्रॅक्टिकल घेनारा मी एकटा राह्यलो. मी बी गेलो असतो तं त्यायची परीक्षाच झाली नसती. अकोटचा एक पोरगा हाय, बाप कापसाच्या जिनिंगमध्ये मजूर. त्याची नोकरी लागून राहिली, पन पास झाल्यावर. म्या काय करायचं होतं? अध्यक्षाचं तोंड पाहाले थांबलो का मी?"

"मंग सांगाचं होतं ना मले."

"तू विचारलं का? तू म्हटलं, चालतं का. काहून नाई येत, असं कोठी विचारलं?"

खाली गल्लीत कुल्फीवाल्याची घंटा वाजत गेली. 

मग नासिरनं आपल्या निळ्या शिपायांवरून हात फिरवला आणि हळू म्हणाला, "मी बी एक गोष्ट सांगतो. ह्या माणसाले मी निशाण देऊन पाठवलं तवा रातभर विचार केला का हा घर सोडून काहून निघाला असन. दोन महिने मी मनात म्हनत होतो, पश्याले काय, त्याले बायकोचा पगार हाय, सोडनं सोपं. पन ह्याच्याकडं पाह्यलं तं... सोपं नसते रे. मागं कोनीच नसते. सारेच समोर."

पश्या म्हटल्याचं त्याच्या लक्षात आलं नाही. प्रशांतच्या आलं.

आणि मग नासिरनं ती गोष्ट सांगितली जिच्यामुळे तो खरं तर अकोल्याला आला होता. जुन्या अध्यक्षांनी चौकशी बसवली होती. बाहेर पडलेल्यांपैकी काहींनी मुलांना भडकवून वर्गावर बहिष्कार घालायला लावला, असा आरोप होता. आरोपात प्रशांतचं नाव पहिलं होतं. सोमवारी, म्हणजे दुसऱ्याच दिवशी, नासिरला समितीपुढे उभं राहून 'मी हे पाहिलं' म्हणायला सांगितलं होतं. म्हटलं तर तो विभागप्रमुख राहणार होता. प्रशांतला मात्र पुढे कुठल्याच कॉलेजनं घेतलं नसतं.

प्रशांतचा चेहरा उतरला. पण तो म्हणाला, "बोलून टाक. तुले तिथंच राहाचं हाय."

"ते तू नको सांगू मले," नासिर म्हणाला. राग होता त्या आवाजात, पण जुना, घरातला राग.

लढाई आम्ही पुरी केली. पांढरं निशाण अलीकडे आलं, परत गेलं, काही ठरलं नाही, मग गोळ्या सुटल्या. इतिहासात झालं तसंच. नासिर जिंकला. तिथंच थांबता आलं असतं, पण मी म्हटलं अजून एक गोष्ट राहिली. त्या लढाईनंतर हरलेल्या शिपायांना विचारलं गेलं होतं: निघून गेलेल्यांत सामील होता की जहाजात बसून घरी जाता? प्रशांत एकेक तपकिरी शिपाई उचलायला लागला. फासे कोणी मागितले नाहीत. एकेकाला तो क्षणभर धरायचा, याला म्हातारी आई आहे म्हणायचा, याची बायको पहिलटकरीण आहे म्हणायचा, आणि पाटावर ठेवायचा. पाट म्हणजे जहाज. पाहता पाहता पाट भरला. निळ्यांकडे जेमतेम मूठभर गेले. खरंही तसंच झालं होतं, बहुतेक जण घरी गेले.

नासिर बघत होता. म्हणाला, "जिंकलो तं मी. अन् माह्यापाशी कोनी राहाले तयार नाई."

"राग नको धरू त्यायचा," प्रशांत म्हणाला.

"नाई धरत."

पुढचं आता सांगून टाकते. सोमवारी नासिर समितीपुढे उभा राहिला आणि म्हणाला, मी असं काही पाहिलं नाही. त्याचं विभागप्रमुखपद गेलं, वसतिगृहाची देखरेख गळ्यात पडली. ती साठ पोरं पास होऊन बाहेर पडेपर्यंत तो तिथं टिकला, मग सोडून अकोल्याला आला. आता माझ्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर राहतो. प्रशांतच्या नव्या कॉलेजाला मान्यता मिळालीच नाही. त्यानं काही वर्षं शिकवणी वर्गांत गणित शिकवलं, नंतर एका पॉलिटेक्निकला लागला. ती बाई, जिला गेटवर अडवलं होतं, तिचा खटला ती जिंकली असं ऐकलं. तोवर अध्यक्ष बदलले होते आणि कोणता गट खरा होता हे विचारणारंही कोणी उरलं नव्हतं.

दोघं अजून येतात. पूर्वीसारखं सगळं झालं असं लिहायला मला आवडलं असतं. झालं नाही. नासिर त्याला आता पश्या म्हणत नाही आणि सरही म्हणत नाही. नुसतं 'प्रशांत' म्हणतो. हसतात, पण बोलण्यात काही जागा चुकवून जातात, भिंतीला ओल आलेल्या जागेवर आपण पाठ टेकत नाही तसं. सुरुवातीला मला याचं वाईट वाटायचं. आता वाटतं, एवढं मोडूनही दर उन्हाळ्यात जिना चढून येतात, हे काय थोडं आहे. त्या जहाजात बसून घरी गेलेले आणि मागे राहिलेले पुढे कधी एकमेकांच्या दारात गेले असतील का, मला माहीत नाही. वाचलेल्यात कुठे सापडलं नाही.

त्या रविवारी संध्याकाळी मी दोघांना बसस्टँडवर सोडायला गेले होते. ऊन कलायला आलं होतं तरी फरशी पायाला पोळत होती. अमरावतीची गाडी लागली. प्रशांत पुढच्या दारानं चढून ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर बसला. नासिर अगदी शेवटच्या बाकावर खिडकीला गेला. एवढं बोलणं झाल्यावरही एका बाकावर बसायचं बळ दोघांतही नव्हतं. सकाळी समिती होती, आणि नासिर तिथं काय बोलणार हे त्यानं आम्हाला सांगितलं नव्हतं. प्रशांतनं विचारलंही नव्हतं.

मी खिडकीखाली उभी होते. कंडक्टर तिकिटं फाडत पुढच्या बाकाशी आला. प्रशांतनं दोन बोटं वर केली, आणि मान न वळवता अंगठ्यानं मागच्या बाकाकडे दाखवलं.

नासिर दुसऱ्या बाजूच्या खिडकीतून बाहेर बघत होता. त्याला ते दिसलं नाही. कंडक्टर गर्दीतून वाट काढत मागे सरकत राहिला, आणि तो शेवटच्या बाकाशी पोचायच्या आत गाडी धूळ उडवत फाटकाबाहेर वळली.